बुलढाण्याचा टेलर साहेब आणि न झालेली गोळीबारी

मंडळी, 1994 चा 'वायट अर्प' पिक्चर कोणी पाहिलाय का? केव्हिन कॉस्नरचा. तीन तासांच्या वर चालतो. अमेरिकेतल्या रानवट मुलखात कायदा राखणाऱ्या एका माणसाचं चरित्र. त्याचं नाव झालं ते 26 ऑक्टोबर 1881 च्या टूमस्टोन गावातल्या चकमकीमुळं. ती चकमक चालली जेमतेम अर्धा मिनिट. तीन माणसं मेली. अर्प वारला 1929 मध्ये आणि 1931 साली त्याच्यावर पुस्तक आलं. त्या पुस्तकानं त्याला जो हिरो केला, तो आजतागायत उतरला नाही.

असा एक अंमलदार आपल्या वऱ्हाडातही होऊन गेला. मेडोज टेलर. 1808 चा जन्म, गाव लिव्हरपूल. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडं नोकरीला आला, तो व्यापारी बुडीत निघाला, मग पोरगा निजामाच्या फौजेत. पुढं पोलिसाचं काम करताना ठगांचा माग लागत होता, तेवढ्यात पलटणीत परत बोलावणं आलं आणि ठगांचा बंदोबस्त केल्याचं नाव झालं स्लीमनचं. याची खंत टेलरला शेवटपर्यंत होती. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्याची 1839 ची कादंबरी मात्र विलायतेत गाजली.

आता आपल्याकडं येऊ. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. वाशीमकरांना सांगायला नको, पैनगंगेच्या पलीकडं निजामाचंच राज्य राहिलं. म्हणजे आपण सरहद्दीवरचीच माणसं! 1857 ला उत्तरेत भडका उडाला तेव्हा टेलरला शेजारच्या बुलढाण्याला धाडलं. हैदराबादच्या रेसिडेंटनं आधीच सांगून टाकलं, फौज मिळणार नाही, जमेल तसं निभवा. आणि त्यानं निभावलं. मराठी त्याला येत होती, हे लक्षात घ्या. जिल्हा शांत राहिला. गोळीबारीच नाही, तर पिक्चर कशाचा काढणार?

पण माझा मुद्दा वेगळा आहे. फौज नाही म्हटल्यावर उरतं कोण? गावचा पाटील, रातभर गस्त घालणारा जागल्या, वर्दी घेऊन कोसभर पळणारा महार. 'साहेबानं जिल्हा राखला' या तीन शब्दांत ही सगळी माणसं गडप झाली. टेलर 1876 मध्ये वारला, त्याचं आत्मचरित्र मुलीनं पुढच्याच वर्षी छापलं. जागल्याचं कोण छापणार?

आणि शांतता कोणासाठी, हेही विचारलं पाहिजे. कायदा कंपनीचा होता. सुरपूरचा तरुण राजा टेलरच्या देखरेखीत वाढला, त्याला 'अप्पा' म्हणायचा. तोच 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. टेलरनं रदबदली केली, फाशी टळली, पण पोरानं शेवटी गोळीनं जीव गमावला. टेलर माणूस म्हणून वाईट नव्हता, हे मी मानतो. पण तो ज्यांची नोकरी करत होता ते कोण होते, हेही विसरू नका.

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडं कोणाच्या घरी पाटीलकीचे, जागल्याच्या वतनाचे जुने कागद असतील, मोडी असले तरी चालतील, तर रद्दीवाल्याला देऊ नका. फोटो काढून इनबॉक्समध्ये टाका. वाचणारा मी शोधतो.