फाइलीचं कुलूप आणि सर्व्हरची आठवण

‘ही फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे’ हा निरोप ऑफिसात काम केलेल्या प्रत्येकाने पाहिला असेल. आमच्या परिभाषा समितीतही तो वरचेवर यायचा. एका संध्याकाळी तो एका सहकाऱ्यांच्या नावाने आला. ते घरी गेले असतील असं धरून मी सामायिक डिस्कवरची लिब्रे ऑफिसची छोटी कुलूप-फाइल पुसली आणि कामाला बसलो. सेव्ह करताना इशारासुद्धा आला, तो न वाचताच मी ‘हो’ दाबलं. त्यांची दिवसभराची दुरुस्ती गेली. मला फार वाईट वाटलं, आणि मग मी या कुलपाचा इतिहास शोधायला लागलो.

तर 1974 साली बेल लॅब्जच्या रिची आणि थॉम्पसन यांनी युनिक्सवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांची भूमिका अशी होती, की आमच्याकडे फाइलीला कुलूप आवश्यकही नाही आणि पुरेसंही नाही. आवश्यक आणि पुरेसं! तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही भाषा लगेच ओळखीची वाटते. पुरेसं का नाही? तर दोघांचे एडिटर फाइलीची आपापली प्रत काढून त्या प्रतीवर काम करत असतील, तर साधं कुलूप गोंधळ थांबवू शकत नाही. बघा, आमचं नेमकं हेच झालं होतं.

पुढे 1980च्या दशकात फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली. सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस केलं, त्यात सर्व्हर कोणाचंच काही लक्षात ठेवत नसे. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम पुढे चाले, ही त्यातली खुबी. पण कुलूप म्हणजे ‘हे अमक्याकडे आहे’ ही आठवणच ना? विसरभोळ्या सर्व्हरने ते ठेवायचं कसं? म्हणून कुलपांसाठी वेगळी सेवा जोडावी लागली. आणि तिथे उलटीच पंचाईत झाली. कुलूप लावणारा संगणक मध्येच पडला, तर तो पुन्हा सुरू होऊन तसं कळवेपर्यंत कुलूप तसंच राही.

यावर 1989 मध्ये ग्रे आणि चेरिटन यांनी मांडलेली कल्पना मला फार आवडते. हक्क कायमचा द्यायचा नाही, मुदतीचा द्यायचा, भाडेपट्ट्यासारखा. नूतनीकरण केलं नाही तर तो आपोआप संपतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत कुलपं मूळ व्यवस्थेतच आली, ती अशा मुदतीसह.

विंडोजची वाट निराळी. 1984च्या डॉस 3.0 पासून फाइल उघडतानाच प्रोग्रामला सांगता येई, की इतरांना वाचू द्यायचं की लिहू द्यायचं. वर्ड आपल्या फाइलीशेजारी ~$ने सुरू होणारी जी फाइल ठेवतं, ती मुख्यतः नावाची चिठ्ठी. खरं कुलूप सर्व्हरकडे असतं. म्हणून चिठ्ठी पुसूनही फाइल सुटली नाही, तर व्यवस्थापकाला सर्व्हरवरच्या उघड्या फाइलींची यादी बघायला सांगा. आमच्या डिस्कवर मात्र सर्व्हरचं कुलूप चालतच नव्हतं, चिठ्ठी हीच काय ती राखण.

लिब्रे ऑफिसची ही चिठ्ठी साध्या नोटपॅडमध्येही उघडते. त्यात माणसाचं नाव, संगणकाचं नाव आणि वेळ लिहिलेली असते. पुसण्याआधी ती वाचा आणि त्या माणसाला फोन करा. मी वाचली असती, तर त्यात शेजारच्याच खोलीतला संगणक निघाला असता.