चित्र शरीरावर कसे उतरले?

वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग आहे. टेबलावर एक स्वच्छ काच उभी धरा. आपल्या बाजूला काचेपासून वीतभर अंतरावर पेटती मेणबत्ती ठेवा आणि ती थेट दिसू नये म्हणून तिच्याअलीकडे एक पुस्तक उभे करा. काचेपलीकडे तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. खोलीत अंधार केला की मेणबत्ती पाण्यात जळताना दिसते. काचेतून पेला दिसतो, काचेवरून परावर्तित झालेली ज्योतही दिसते आणि डोळा दोन्ही एकत्र पाहतो. शस्त्रक्रिया करताना डोक्यावर चढवायच्या नव्या चष्म्यांचे मूळ तत्त्व हेच आहे.

शरीराच्या आत पाहण्याची सोय नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेन यांच्या क्ष-किरणांनी झाली. १८९६ च्या आरंभीच बर्मिंगहॅममध्ये हातात रुतलेल्या सुईचे छायाचित्र घेतले गेले. पण चित्र एकीकडे आणि रुग्ण दुसरीकडे, ही अडचण उरलीच. डॉक्टर भिंतीवरच्या प्रकाशपेटीवर फिल्म पाहत आणि मान वळवून टेबलावरच्या रुग्णाकडे येत. फिल्म उलटी लावली तर डावे-उजवे बदलते. म्हणूनच तिच्यावर बाजू दाखवणारे शिशाचे अक्षर उमटवावे लागते. १९७१ मध्ये लंडनला हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. शरीराचे काप दिसू लागले, पण चित्र आणि रुग्ण यांतले अंतर तेवढेच राहिले.

हे अंतर मिटवण्याचा मार्ग वैद्यकाबाहेरून आला. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवायचा पडदा तयार केला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. अर्धपारदर्शक आरशांमुळे त्यातून खोलीही दिसे आणि संगणकाने काढलेल्या रेघाही. १९८६ मध्ये डेव्हिड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकात सीटी स्कॅनवरून काढलेली बाह्यरेषा दाखवली. १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गर्भवती स्त्रीच्या सोनोग्राफीचे चित्र तिच्या पोटावरच, जागच्या जागी, दाखवण्याचा प्रयत्न झाला.

चित्र दिसले, पण ते जागेवर राहीना. असे का, हे समजण्यासाठी दुसरा प्रयोग करा. खिडकीच्या काचेवर बाहेरच्या कडुनिंबाची बाह्यरेषा स्केचपेनने काढा. आता डोके चारच बोटे सरकवा. रेषा झाडावरून घसरते. पहिल्या प्रयोगात असे होत नाही, कारण ज्योतीची प्रतिमा खरोखरच पेल्याच्या जागी पडलेली असते. चष्म्यातला आरसा मात्र डोक्याबरोबर हलतो. म्हणून डोके कुठे आहे आणि रुग्ण कुठे आहे हे सतत मोजून संगणकाला चित्र पुन्हा पुन्हा काढावे लागते. त्याला थोडा उशीर झाला तरी रेषा घसरते.

हाड कठीण असते, आपला आकार बदलत नाही. त्यामुळे मणक्याच्या शस्त्रक्रियेत हे तंत्र आधी रुजले. हाडालाच एक खूण घट्ट बसवतात आणि चष्म्यावरचा कॅमेरा ती पाहत राहतो. अशा एका चष्म्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. यकृत किंवा आतडे मात्र हाताळताच आकार बदलतात. तिथे कालचे स्कॅन आज तंतोतंत जुळत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. शैलेश श्रीखंडे २०१७ मध्ये होलोलेन्स चष्मा लावून लंडनच्या शल्यचिकित्सकांशी एका कर्करोग शस्त्रक्रियेत जोडले गेले होते. तिथे चष्म्याचा उपयोग दूरच्या सहकाऱ्यांनी गाठीचे त्रिमितीय चित्र एकत्र पाहण्यासाठी झाला. त्या चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले; यंत्रे येतात आणि जातात.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. पण जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात मोतीबिंदूसाठी गेलेला कोणी ना कोणी जालना जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात असतो. दृष्टीतली वक्रता घालवणारे टोरिक भिंग डोळ्यात ठराविक कोनातच बसावे लागते. ते एक अंश फिरले तर सुमारे ३ टक्के परिणाम कमी होतो. ३० अंश फिरले तर काहीच उरत नाही. शिवाय माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित फिरतो. म्हणून बसलेल्या स्थितीतच खूण करून घेतात. काही नव्या सूक्ष्मदर्शकांत डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्या ओळखून हा कोन भिंगावरच रेषेने दाखवतात. खिडकीवरची रेषा झाडावर स्थिर ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

एक धोका मात्र लक्षात ठेवायला हवा. २०१३ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी मृतदेहावर केलेल्या प्रयोगात शल्यचिकित्सकांना दुर्बिणीच्या चित्रावर अशा रेषा दाखवल्या. त्यांचा नेम सुधारला. पण समोर पडलेला एक स्क्रू, रेषा नसलेल्या गटापेक्षा त्यांच्यातल्या कमी जणांना दिसला. भिंतीवरची फिल्म चुकली तर रुग्णाकडे पाहून शंका घेता येई. चित्र रुग्णावरच उमटले की शंका घेण्याची जागाच झाकली जाते. म्हणून मणक्याजवळ खिळा बसवताना अनुभवी डॉक्टर अधूनमधून ओळखीच्या हाडाला अवजार टेकवून चित्र जुळते का, हे तपासून पाहतात.

खिडकीचा प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: झाड दिसेनासे झाले आणि फक्त रेषा उरली, तर ती जागेवर आहे की नाही हे कसे ओळखाल?