ऑश्कॉशचे स्वयंसेवक
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, स्वहस्ते विमाने बांधणाऱ्या हौशी मंडळींची जी संस्था पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ साली स्थापिली, आणि जिचे आरंभीचे दफ्तर त्यांच्या घराच्या तळघरात त्यांच्या पत्नी ऑड्री यांच्या साहाय्याने चाले, तिचा वार्षिक मेळा मिलवॉकी व रॉकफर्ड येथून १९७० साली ऑश्कॉशला स्थिरावला. तेथे आता दहा हजारांवर विमाने येतात. आकाशातील नियमन सरकारी अंमलदारांकडे असले, तरी उतरलेल्या विमानास हातवाऱ्यांनी गवतावरील जागा दाखविणे, फिरत्या पंख्यापासून प्रेक्षकांना दूर राखणे, असा भूमीवरील बहुतांश बंदोबस्त पाच हजारांहून अधिक स्वयंसेवक विनावेतन सांभाळतात. आणि ही निष्ठा मला आकाशातील चित्तथरारक कसरतींहूनही अधिक आदरणीय वाटते.