पदवीदानाला आलेली मनोरमा

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यांच्याबरोबर अटलांटिक ओलांडून आलेली त्यांची मुलगी मनोरमा मात्र या गोष्टीतून गळते. तेव्हा तिला पाच वर्षं पुरी व्हायला महिनाभर बाकी होता.

मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. रमाबाईंचं नाव आमच्याकडे मंडळीतल्या थोरल्या बाईसारखं घेतलं जायचं. पण मनोरमेकडे माझं लक्ष गेलं ते फार पुढे, नवऱ्याच्या बायबल कॉलेजच्या पदवीदानाला दोन लहान मुलांना घेऊन परदेशी गेले तेव्हा. प्रार्थना, उपदेश, मग एकेकाचं नाव. धाकट्याला नेमकी त्याच वेळी शू लागली आणि नवऱ्याच्या गळ्यात हूड पडला तेव्हा मी बाहेरच्या बोळात होते. समारंभाच्या फोटोंत मी जवळजवळ नाहीच. तेव्हापासून अशा सोहळ्यांच्या हकिकती वाचताना मी आधी विचारते, पोरं कुठे होती?

रमाबाईंचं पोर त्यांच्या बरोबरच होतं, कारण दुसरीकडे ठेवायला घरच उरलं नव्हतं. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी गेले. पुढच्याच वर्षी लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या सिस्टरांकडे उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंना खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येणाऱ्या बाईला वैद्यकी कोण शिकवणार? मग त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकू लागल्या, तिथे संस्कृतही शिकवत. सिस्टर जेराल्डीनला त्या पत्रांत आजीबाई म्हणत. आणि याच आजीबाईंशी धर्ममतांवरून त्यांचे कडाक्याचे वाद चालत. मनोरमेला काय शिकवायचं, कोणी शिकवायचं, हाही त्यातला एक वाद होता.

अशात फिलाडेल्फियाहून डीन रेचल बॉडली यांचं निमंत्रण आलं. आनंदीबाई रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. सिस्टरांना हा प्रवास पसंत नव्हता, शिक्षण मध्येच तुटेल अशी त्यांना धास्ती होती. रमाबाईंचा बेत थोड्या दिवसांचाच होता. फेब्रुवारीत, अटलांटिक सर्वांत खवळलेला असताना, त्या लेकीसह लिव्हरपूलहून निघाल्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचल्या.

ज्या कॉलेजात त्या आल्या ते क्वेकर पंथाच्या लोकांनी १८५० मध्ये बायकांना वैद्यकी शिकवण्यासाठी काढलेलं. आनंदीबाईंच्या अमेरिकावारीची सुरुवातही मिशनरी पत्रव्यवहारातूनच झाली होती. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली, तेव्हा कोल्हापुरात राहून गेलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याने ते पत्र आपल्या मासिकात छापलं आणि वर धर्मांतराचा सल्ला दिला. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलं आणि असली कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घरात घेतलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं आनंदीबाई निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगून आल्या होत्या, आणि तसंच झालं. त्यामुळे त्या दिवशीचं दृश्य मला विलक्षण वाटतं: ख्रिस्ती माणसांनी उभारलेल्या कॉलेजात पदवी घेणारी हिंदू, आणि तिचं कौतुक करायला आलेली नात्यातली बाई ख्रिस्ती. एकीला जे व्हायचं होतं ते दुसरी झाली होती. त्यात आनंदीबाईंचं स्वतःचं बाळ त्या चौदा वर्षांच्या असताना दहा दिवसांत गेलेलं. वैद्यकीची ओढ तिथूनच लागली. आणि पाहुणीबरोबर पाचाला टेकलेली पोर.

थोड्या दिवसांचा तो मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. रमाबाईंनी फिलाडेल्फियात किंडरगार्टनची पद्धत शिकून घेतली. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक काढलं. प्रस्तावना बॉडलीबाईंची, अर्पण आनंदीबाईंना. त्या तोवर पुण्यात २६ फेब्रुवारीला वारल्या होत्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गावोगाव व्याख्यानं झाली आणि त्यातून डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं पैसे पुरवायचं तिने कबूल केलं.

या धावपळीत लेकीला सांभाळणं जमेना, तेव्हा मनोरमा परत इंग्लंडला गेली, ज्यांच्याशी आईचे वाद होते त्याच सिस्टरांकडे. अमेरिकाभर बालशिक्षणाचं नवं शास्त्र वाखाणणाऱ्या आईचं स्वतःचं मूल समुद्रापलीकडे वाढत होतं. यावरून रमाबाईंना बोल लावणारे भेटतात. मी लावणार नाही. त्यांच्याऐवजी दौऱ्यावर कोण गेलं असतं? नवरा असता आणि पोर आईकडे ठेवून तो हिंडला असता, तर कोणाला विचारावंसंही वाटलं नसतं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीला रमाबाईंची ही शाळा, शारदा सदन, उघडली. पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे.

मनोरमा मोठी झाल्यावर स्वतः समुद्र ओलांडून गेली, न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली इथल्या चेसब्रो सेमिनरीत शिकायला. ही फ्री मेथडिस्ट पंथाची संस्था. परतल्यावर तिने आईच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम अंगावर घेतलं आणि तिथल्या आंधळ्या मुलींना शिकवलं. २४ जुलै १९२१ रोजी ती चाळिशीत गेली. आई साधारण साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी.

मुक्तीचा इतिहास सांगताना आई संस्थापक आणि लेक मदतनीस अशी मांडणी असते. मला ती अपुरी वाटते. बोस्टनच्या देणगीदारांनी शारदा सदनाला पैसे दिले, त्यांचे हिशेब वर्षावर्षाला छापले गेले. मनोरमेने त्यांच्याही आधी आईजवळची वर्षं दिली, आणि ती तिला विचारून घेतलेली नव्हती. देणगीदारांची यादी करायची असेल तर पहिलं नाव तिचं घालायला हवं.