मधले तास

१९२९ साली एडविन लिंक याने ऑर्गनच्या कारखान्यातील भाते वापरून वैमानिकांचे शिक्षणयंत्र उभे केले. गंमत अशी की त्याची आरंभीची गिऱ्हाइके करमणुकीची उद्याने होती. पुढे ते लष्करात गेले. घरच्या संगणकावर विमान आणले ब्रूस आर्टविकने, आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते घरोघरी पोहोचवले.

या इतिहासात उड्डाण आणि अवतरण यांचेच कौतुक फार. आम्हांला कुतूहल आहे ते मधल्या तासांचे. २००३ साली आलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ मध्ये लिंडबर्गचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ होते. मे १९२७ मध्ये तो न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत एकटा गेला. समोर खिडकी नाही, तेथे इंधनाची टाकी. त्याची खरी झुंज झोपेशी होती.

घरच्या वैमानिकाला डुलकी लागली तरी प्राण जात नाहीत. स्वयंचालक लावून तो पुस्तक वाचतो, स्वयंपाक उरकतो, दर तासाला इंधनाची नोंद करतो. शिवाय काळाचा वेग वाढवणारी कळ हाताशी असतेच. कादंबरीकार ‘तीन वर्षे लोटली’ असे लिहून जे साधतो, तेच ही कळ साधते. तरीही काही जण ती दाबत नाहीत. हा निव्वळ छांदिष्टपणा, असे आम्ही म्हणणार नाही. वर्गात आपण सारांश आणि दृश्य हा भेद शिकवतो. येथे वाचकच सारांश नाकारतो आहे. लिंडबर्गला आयर्लंडचा किनारा दिसला तो अख्खी रात्र पाण्यावर काढल्यानंतर. कळ दाबली, तर तोच किनारा चहा संपायच्या आत येतो.