फोन अपडेट का घेत नाही?

आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात फोन अपडेट 'मागतो'. जनावरानं पाणी मागावं किंवा उभ्या उसानं भरणं मागावं, तसा. "कालपासून फोन अपडेट मागतोय," असं माणसं सहज बोलून जातात. आणि त्यामागोमाग दुसरं वाक्य ऐकू येतं, "दिलं तर घेत नाही!" पट्टी अर्ध्यावर येऊन थांबते, किंवा शेवटी 'अपडेट अयशस्वी' असा निरोप येतो, किंवा फोन छातीठोकपणे सांगतो की आपली प्रणाली अद्ययावतच आहे. ती मात्र चार-पाच वर्षांपूर्वीची असते.

शहरातल्या माणसाला हा चहाच्या वेळेचा विषय वाटेल. गावात तो सातबाऱ्याशी जाऊन भिडला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा' अशी तिची घोषणा. महसूल खात्यानं टाटा ट्रस्टच्या मदतीनं ॲप तयार केलं आणि पूर्वी तलाठी भाऊसाहेब गाव नमुना बारामध्ये जी नोंद करत, ती शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून करायची, असं ठरलं. कल्पना चांगलीच होती. चावडीत बसून भरलेल्या पीकपेऱ्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये ॲपची दुसरी आवृत्ती आली, आणि पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेलं नवं ॲप आलं. ॲप नवं झालं की ते फोनकडून ठरावीक किमान आवृत्तीची अपेक्षा धरतं. फोन जुना असेल, तर ॲप बसत नाही. ॲप बसलं नाही, तर कांदा, ऊस, बाजरी रानात उभी असली तरी सातबाऱ्यावर उमटत नाही. मग नुकसानभरपाई असो, पीकविमा असो की हमीभावाची खरेदी, पहिला प्रश्न येतो, "पीकपेरा लागलाय का?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रातलं मला कळतं ते सामान्य माणसाला कळतं तेवढंच. पण फोनला 'आवृत्ती' कधीपासून आली आणि ती घ्यायची जबाबदारी आपल्यावर कशी आली, याचा मागोवा घेणं मला आवश्यक वाटलं.

जुना काळा, तबकडीचा टेलिफोन आठवून पाहा. त्यानं आयुष्यात कधी काही मागितलं नाही. शहाणपण सगळं एक्स्चेंजमध्ये होतं, घरातलं यंत्र बिचारं बोलायचं आणि ऐकायचं. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिनं घडवलेली छोटी ग्रामीण एक्स्चेंज खेडोपाडी पोहोचली, जुन्या खडखडणाऱ्या एक्स्चेंजच्या जागी इलेक्ट्रॉनिक आली. एवढं स्थित्यंतर झालं, पण वाड्यातल्या कोनाड्यातला तबकडीचा फोन तसाच चालू राहिला. नवी आवृत्ती आली ती सरकारी इमारतीत. तिचा खर्च, तिची दुरुस्ती, तिची डोकेदुखी टेलिफोन खात्याची होती. ग्राहकाला कळलं ते इतकंच की आता ट्रंक कॉल बुक करावा लागत नाही.

मोबाइल आला आणि शहाणपण खिशात आलं. तरी सुरुवातीला फारसं अडलं नाही. २००३ साली बाजारात आलेला, टॉर्चवाला नोकिया ११०० आपल्याकडे किती घरांत होता! जगभरात तो पंचवीस कोटींहून जास्त खपला. तो जसा डब्यातून निघाला तसाच म्हातारा झाला. अगदीच अडून बसला तर बाजारपेठेतल्या दुकानात नेऊन 'सॉफ्टवेअर मारून' आणायचा. हे 'मारणं' म्हणजे केबल लावून संगणकावरून त्याच्यात पुन्हा सगळी प्रणाली भरणं. शंभर-दोनशे रुपयांचं काम.

२००८ साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला आणि प्रणाली हवेतून, म्हणजे केबलशिवाय, बदलण्याची सोय त्यात होती. आयफोनला ही सोय २०११ च्या ऑक्टोबरात मिळाली, तोवर तो संगणकाला जोडावा लागे. इथून 'अपडेट' हा शब्द दुकानदाराच्या तोंडून निघून ग्राहकाच्या तोंडी बसला.

आपल्या देशाच्या दृष्टीनं महत्त्वाची तारीख १५ सप्टेंबर २०१४. त्या दिवशी गूगलनं 'अँड्रॉइड वन' ही योजना जगात सर्वप्रथम भारतात आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे, साडेसहा हजारांच्या आतबाहेरचे फोन, आणि प्रणालीचे अपडेट थेट गूगलकडून दोन वर्षं. त्या वेळी इंटरनेट इतकं महाग होतं की एअरटेलचं सिम असलेल्यांना पहिले सहा महिने हे अपडेट उतरवायला डेटाचे पैसे पडणार नाहीत, अशी खास सवलत जाहीर करावी लागली. आज हे वाचून हसू येतं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाची अडचण बरीचशी सरली. योजनेतल्या 'दोन वर्षं' या दोन शब्दांकडे मात्र फार कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता अपडेट येतो कुठून, हे थोडं पाहू, कारण निम्मं उत्तर तिथं आहे. गूगल नवी आवृत्ती काढतं. ती तशीच आपल्या फोनवर बसत नाही. फोनमधली चिप बनवणारी कंपनी त्या चिपसाठी तिच्यात जुळवाजुळव करते, मग फोन बनवणारी कंपनी आपलं रंगरूप चढवते, चाचण्या घेते, आणि मग ती टप्प्याटप्प्यानं सोडते. शेजारच्याला आला आणि आपल्याला नाही, फोन तर एकच, अशी तक्रार येते ती या टप्प्यांमुळे. या साखळीतली एक जरी कडी म्हणाली की आता या जुन्या मॉडेलवर खर्च परवडत नाही, की पुढचं सगळं खुंटलं. २०१७ साली आठव्या अँड्रॉइडबरोबर गूगलनं प्रणालीची अंतर्गत रचना बदलली आणि चिपचा भाग वेगळा काढला. त्यामुळे काम हलकं झालं, पण करणाऱ्याची इच्छा असावी लागते ती लागतेच.

तेव्हा फोन अपडेट घेत नाही, याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, अपडेट आलाय पण बसत नाही. दोन, तो येणारच नाही. पहिला घरी सुटतो. बहुतेक वेळा जागा नसते. प्रणाली उतरवायला आणि उलगडायला काही जीबी मोकळी लागतात, आणि आपल्या फोनमध्ये सुप्रभातचे फुलांचे फोटो तीन-तीन वेळा साठलेले असतात. ते काढावेत. बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. आमच्याकडे वीज जाते तेव्हा चार्जरवर भरवसा ठेवू नये. शक्यतो वायफायवर, आणि फोन एकदा बंद करून चालू केल्यावर उतरवावा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे तारीख-वेळ तपासावी. बॅटरी पार उतरून फोनचं घड्याळ मागं पडलं असेल, तर कंपनीच्या सर्व्हरचं ओळखपत्र त्याला मुदतीबाहेरचं वाटतं आणि तो जोडणीच नाकारतो. घड्याळ नेटवर्कवरून आपोआप लागेल असं ठेवावं. फोनमध्ये कुणी पूर्वी बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल, तरीही अधिकृत अपडेट त्याला ओळख देत नाही. म्हणून 'मारून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती फोन देताना, त्यात आपलं बँकेचं ॲप आहे हे विसरू नये.

दुसरा अर्थ मात्र घरी सुटत नाही. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोबाइल दुकानात मी ऐकलेला संवाद सांगतो. धोतरातले एक आबा फोन पुढे करून उभे होते.

"बिघडला न्हाई, आबा. ह्याला आता वरून येतच न्हाई."

"वरून म्हंजी?"

"कंपनीकडून."

"मग कंपनीला फोन लाव की!"

पोरगं हसलं, पण आबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कंपनीला फोन लावता यायला हवा. आणि कंपनी कधीकधी फार लांबही नसते. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. तिथल्या एलजीच्या कारखान्यात २००० नंतरच्या दशकात मोबाइल हँडसेटही तयार होत. रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेऊन निघणाऱ्या एसटीतून तो कारखाना दिसायचा आणि आपल्या तालुक्यात मोबाइल बनतो याचा आम्हाला अभिमान वाटायचा. ते फोन बहुतेक बटणांचे. पुढे कंपनी स्मार्टफोनकडे वळली, स्पर्धेत मागं पडली आणि ५ एप्रिल २०२१ रोजी तिनं जगभरातला फोनचा धंदा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. काही मॉडेलना अपडेट देत राहण्याचं वचन तिनं दिलं आणि मुदतही सांगितली. ३० जून २०२५ ला अपडेटचे सर्व्हर बंद झाले. त्यानंतर त्या कंपनीचा फोन कितीही धडधाकट असला, कितीही जागा मोकळी असली, तरी त्याला उत्तर देणारं पलीकडे कुणी नाही. रांजणगावात फ्रिज आणि टीव्ही बनतातच. दोष एकट्या एलजीला देण्यात अर्थ नाही, तिनं निदान तारीख सांगितली.

तारीख सांगण्याचं महत्त्व या भागाला नवं नाही. थोडं मागं जातो, म्हणजे दोनशे वर्षं. पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात इंग्रजांनी जमीन महसुलाची नवी व्यवस्था बसवायला घेतली. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं शेताशेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर अतिशय शास्त्रशुद्ध. पण ते आकडे गोळा करणाऱ्या कारकुनांच्या हाती ते सांभाळणं नव्हतं, नोंदी खोट्या निघाल्या, सारा डोईजड झाला आणि माणसं जमिनी टाकून जाऊ लागली. १८३५ पासून शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सोपी पद्धत आणली, दर कमी केले आणि ते तीस वर्षं बदलणार नाहीत अशी हमी दिली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. तीस वर्षं भरली आणि वाढीव दर आले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आजचा दौंडही त्यातलाच. शिरूरच्या गावांतही सावकारांचे दस्तऐवज जाळले गेले. त्या दंग्याचं कारण सारा की सावकारी, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. माझा मुद्दा छोटा आहे. त्या हमीचा शेवट केव्हा, हे शेतकऱ्याला आधी माहीत होतं. फोन घेणाऱ्या शेतकऱ्याला ते माहीत नसतं. डब्यावर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे ठसठशीत लिहिलेलं असतं, अपडेट कोणत्या सालापर्यंत हे शोधून सापडत नाही.

हे बदलत आहे, पण महागाच्या बाजूनं. २०२३ च्या ऑक्टोबरात गूगलनं आपल्या नव्या फोनना सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं, पाठोपाठ २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगनंही तिच्या उच्च श्रेणीच्या मालिकेसाठी तेच केलं. युरोपीय संघानं तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट उपलब्ध असले पाहिजेत. आठ-दहा हजारांचा फोन घेणाऱ्या आपल्या माणसाला याचा लाभ व्हायचा आहे.

तोपर्यंत गावानं आपली वाट काढली आहे. ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे एखाद्या पुतण्याचा नवा फोन सगळ्या भावकीच्या रानातून फिरतो. उरलेल्यांसाठी गावपातळीवर सहायक नेमले गेले आहेत. त्यांना आधी भेटावं, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. आणि नवा फोन घेताना दुकानदाराला विचारावं, "अपडेट कधीपर्यंत?" दौंडच्या बाजारातल्या एका दुकानदारानं मला सांगितलं की हल्ली महिन्याला पाच-सहा गिऱ्हाइकं हे विचारतात, आणि त्यात केडगावकडचे कांदेवाले जास्त असतात.