सेंडमेल गेला, नाव राहिले

लिनक्सच्या संगणकावर पोस्टफिक्स बसवा आणि 'सेंडमेल' असा हुकूम द्या. पत्र जाते. सेंडमेल हा प्रोग्राम तिथे नसतो, पण त्याच्या नावाची फाइल असते. असे का, हे पाहायला चाळीसेक वर्षे मागे जावे लागते.

बर्कले विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी आधी डिलिव्हरमेल लिहिला. त्यात नवे जाळे जोडायचे तर प्रोग्रामच पुन्हा कंपाइल करावा लागे. म्हणून सेंडमेलमध्ये नियम वेगळ्या फाइलीत ठेवले. 1983 मध्ये 4.2 बीएसडीबरोबर तो घरोघरी, म्हणजे विद्यापीठोविद्यापीठी पोचला. मग यंत्रातल्या इतर सेवाही त्याच्यावर विसंबू लागल्या. ठरल्या वेळी कामे उरकणारा क्रॉन आपला अहवाल सेंडमेलच्याच हाती देई.

पण हा एकच मोठा प्रोग्राम सर्वाधिकारी 'रूट' म्हणून चाले. 2 नोव्हेंबर 1988 रोजी मॉरिस वर्म पसरला, तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक सेंडमेलच्या 'डीबग' सोयीतून जात होती.

नव्वदच्या दशकात पर्याय आले. केंब्रिजमध्ये फिलिप हेझल यांचा एक्झिम, डॅनियल बर्नस्टाइन यांचा क्यूमेल, आणि 1998 मध्ये आयबीएममधल्या वित्झे वेनेमा यांचा पोस्टफिक्स. क्यूमेल आणि पोस्टफिक्स यांनी काम छोट्या छोट्या प्रोग्रामांत वाटून दिले, म्हणजे एक फुटला तरी सगळे घर जाऊ नये.

अडचण वेगळीच होती. सेंडमेलला नावाने हाक मारणारे असंख्य प्रोग्राम बदलणार कोण? म्हणून नव्यांनी जुने नाव घेतले. नुसते नाव पुरत नव्हते. 'पत्ते पत्रातूनच वाच' यांसारख्या जुन्या सूचना समजाव्या लागल्या, रांग दाखवणारा 'मेलक्यू' द्यावा लागला. पोस्टफिक्सने टोपणनावांची जुनी फाइलही वाचली. क्यूमेल इथे हट्टी. त्याने सेंडमेलच्या नावाचा मुखवटा दिला, पण टोपणनावांची रीत स्वतःची ठेवली. जुनी फाइल चालवायला वेगळे पॅकेज लागे. शिवाय बदललेली प्रत वाटायला परवानगी नव्हती. 2007 मध्ये तो सार्वजनिक मालकीचा झाला, तोवर बहुतेकांनी दुसरे घर धरले होते. माझ्या मते सुरक्षेचा विचार त्याचाच सर्वांत कडक होता, आणि मागे पडला तो या अडेलपणामुळे.

(उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय. माझ्या मराठी वर्गात तेच दफ्तर पोरांच्या पाठीवर असते. शब्द तोच, आत भलतेच.)

एका नावावर दोघांनी हक्क सांगितला तर? डेबियनने नियम केला की अशा पॅकेजांपैकी एका वेळी एकच बसेल. रेड हॅटने 'अल्टरनेटिव्ह्ज'चे दुवे केले. नेटबीएसडीने मेलरॅपर नावाचा द्वारपाल ठेवला. खरा कारभारी कोण, हे तो एका छोट्या फाइलीत पाहतो. फ्रीबीएसडीनेही तोच घेतला.

2023 मध्ये फ्रीबीएसडी 14 ने ठरलेला प्रोग्राम म्हणून सेंडमेल काढून 'डीएमए' नेमला. क्रॉनला त्याची खबरही नाही. तो अजून सेंडमेललाच हाक मारतो.